टेप कुठे लावायची?

घर बांधायला काढलं की भूमितीची पहिली परीक्षा वाळूच्या गाडीपाशी होते. वाळू, खडी, मुरूम, डबर हा सगळा माल महाराष्ट्रात ब्रासवर मिळतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट उंच खोका काठोकाठ भरला की एक ब्रास झाला. मेट्रिक मापात तो २.८३ घनमीटर होतो, पण साइटवर ते माप कुणाच्या तोंडी नसतं. सरकारलाही ब्रासची भाषा सोडवत नाही. २०२३ च्या वाळू धोरणात डेपोवरच्या वाळूचा दर जाहीर झाला तो ब्रासला ६०० रुपये असाच.

गाडी दारात येते. ‘‘तीन ब्रास आहे शेठ, मोजून घ्या,’’ असं ड्रायव्हर बिनधास्त सांगतो. शेठ टेप काढतात. लांबी १४ फूट, रुंदी ७ फूट, फाळक्याची उंची ३ फूट. गुणाकार २९४. तीन ब्रासला सहा घनफूट कमी, म्हणजे फारसं काही नाही. शेठ मान डोलावतात आणि गाडी रिकामी होते.

लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, हे सूत्र शाळेत इष्टिकाचितीच्या धड्यात सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. त्यात चुकण्यासारखं काही नाही आणि गुणाकार तर आता मोबाइल करतो. चूक होते ती गुणाकाराच्या आधी, टेप लावताना. शेठनी ती गाडीच्या बाहेरून लावली होती. बॉडीच्या पत्र्याला बाहेरून उभ्या लोखंडी पट्ट्या असतात. त्यांची जाडी दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच धरली, तर आतली लांबी उरते साडेतेरा फूट आणि रुंदी साडेसहा. आता गुणाकार २६३ येतो. अर्ध्या-अर्ध्या फुटाने एकतीस घनफूट, म्हणजे जवळजवळ पाव ते तिहाई ब्रास वाळू हवेत विरली. घनफळाचा हा स्वभावच आहे. एका मापातली चूक दुसऱ्या मापाने गुणली जाते आणि पुन्हा तिसऱ्याने. तिन्ही मापं फक्त पाच-पाच टक्क्यांनी जास्त घेतली, तर घनफळ जवळजवळ सोळा टक्क्यांनी फुगतं.

शिवाय फाळक्याची उंची म्हणजे वाळूची उंची नव्हे. गाडी भरताना मध्ये शीग असते, खड्ड्यांतून येता येता ती बसते आणि कडेला वाळू फाळक्याच्या खाली गेलेली असते. अनुभवी सुपरवायझर म्हणूनच सळई घेऊन वर चढतो, पाच-सहा ठिकाणी ती तळाला टेकेपर्यंत खुपसतो आणि आलेल्या खोल्यांची सरासरी काढतो. ड्रायव्हरला हा माणूस आवडत नाही.

सरासरी काढूनही वाळूचं एक कोडं उरतंच. ओलसर वाळू फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचं पातळ आवरण बसतं आणि ते कणांना एकमेकांपासून दूर धरतं. वजनाच्या चार-पाच टक्के ओलावा असला, तर घनफळ वीस-तीस टक्क्यांनीसुद्धा वाढू शकतं आणि वाळू जितकी बारीक तितकी जास्त फुगते. गंमत अशी, की तीच वाळू पाण्यात पूर्ण बुडवली की आवरणं मोडतात, कण पुन्हा एकमेकांवर बसतात आणि घनफळ कोरड्या वाळूइतकं होतं. याची परीक्षा साइटवर पाच मिनिटांत होते. सरळ भिंतीच्या डब्यात ओलसर वाळू सैल भरायची आणि उंची मोजायची. समजा ती वीस सेंटिमीटर आली. वाळू बाहेर काढायची, डबा अर्धा पाण्याने भरायचा, तीच वाळू त्यात परत टाकून सळईने ढवळायची. ती बसल्यावर उंची सोळा सेंटिमीटर भरली, तर वाळू पंचवीस टक्के फुगलेली होती. चार ब्रास खरी वाळू हवी असेल, तर अशी ओली वाळू पाच ब्रास घ्यावी लागेल. भर पावसाळ्यात आलेली चिंब, पाणी गळणारी वाळू आणि पावसाळा सरल्यावरची नुसती दमट वाळू यांत फसवी असते ती दुसरी.

खडीच्या ढिगातही मधल्या पोकळ्यांचा वाटा मोठा असतो, चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत. त्यामुळे काँक्रीटचा हिशेब नुसत्या बेरजेने जमत नाही. खडीच्या पोकळ्यांत वाळू जाते, वाळूच्या पोकळ्यांत सिमेंट. १०० घनफूट तयार काँक्रीट हवं असेल, तर कोरडा माल सुमारे १५४ घनफूट लागतो, असा बांधकामातला नेहमीचा ठोकताळा आहे. वीस फूट बाय पंधरा फुटांचा पाच इंची स्लॅब घेऊ. क्षेत्रफळ ३०० चौरस फूट, जाडी पाच इंच म्हणजे बारा भागिले पाच नव्हे, पाच भागिले बारा, ०.४१७ फूट. घनफळ १२५ घनफूट. त्याला १.५४ ने गुणलं की कोरडा माल १९२.५ घनफूट. एकास दीडास तीन हे प्रमाण धरलं, तर साडेपाच भागांपैकी सिमेंटचा एक भाग ३५ घनफूट होतो. गोणी सव्वा घनफुटाची, म्हणून २८ गोण्या. वाळू ५२.५ घनफूट, खडी १०५.

इथे सर्वांत जास्त नडतो तो इंच. पाच इंच हे ०.५ फूट समजणारे आणि साडेचार फुटांना ४.६ लिहिणारे (चार फूट सहा इंच, म्हणून) भले शिकलेले लोक असतात. पाच इंचांना अर्धा फूट धरलं, तर वरचा स्लॅब १५० घनफुटांचा होतो आणि पाच-सहा गोण्या उगाच येऊन पडतात. सुतारांनी यावर आपला तोडगा कधीच काढलेला आहे. रुंदी आणि जाडी इंचातच ठेवायची, लांबी फुटात, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं, की थेट घनफूट मिळतात. चार बाय तीन इंचांची सागवानी चौकट, दोन उभे सात-सात फुटी आणि वरचा आडवा साडेतीन फुटी, म्हणजे एकूण साडेसतरा फूट. चार गुणिले तीन गुणिले साडेसतरा म्हणजे २१०, भागिले १४४, जवळजवळ दीड घनफूट लाकूड. कुठेही अपूर्णांकाशी झटापट नाही.

पायाच्या खोदकामात टेप वेगळ्याच ठिकाणी चुकते. भिंतींच्या मध्यरेषेवर मोजलं तर १२ बाय १० फुटांची होणारी एक खोली आहे. तिच्या चारही बाजूंना अडीच फूट रुंद आणि चार फूट खोल चर खणायचा आहे. खणणारा बाहेरच्या कडेने लांबी मोजतो: साडेचौदा, साडेबारा, पुन्हा साडेचौदा, पुन्हा साडेबारा, एकूण ५४ फूट. ५४ गुणिले अडीच गुणिले चार, ५४० घनफूट. मालक आतल्या कडेने मोजतो तेव्हा त्याची लांबी ३४ फूट होते आणि ३४० घनफूट येतात. दोघंही प्रामाणिक असतात आणि भांडणही प्रामाणिक असतं. एकाने चारही कोपरे दोनदा मोजले, दुसऱ्याने एकदाही मोजले नाहीत. खरं उत्तर मध्यरेषेवर आहे: परिमिती ४४ फूट, घनफळ ४४० घनफूट. पटत नसेल तर बाहेरच्या मोठ्या आयतातून आतला छोटा आयत वजा करून पाहा, तेवढंच येतं. आणि खणून काढलेली माती गाडीत भरायला गेलात, की ती ४४० घनफुटांत मावत नाही. जमिनीत दाबून बसलेली माती बाहेर आली की सैल होते. म्हणून खोदाईचा दर चराच्या मापाने ठरवावा, ढिगाच्या नव्हे. ढिगाच्या मापाने ठरवणारा कंत्राटदार भेटलाच, तर तो भूमितीत तुमच्यापेक्षा हुशार आहे असं समजावं.

टाकीचं उलटं असतं. तिथे आपणच आपल्याला फसवतो. अंगणात विटांची टाकी बांधली, बाहेरून ८ फूट बाय ६ फूट, उंची ५ फूट. घनफळ २४० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे जवळपास ६,८०० लिटर. पाहुण्यांना सांगायला आकडा छान आहे. पण नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंना गेली आणि तळाचा सहा इंची थर गेला, की आत उरतं साडेसहा बाय साडेचार बाय साडेचार. ३,७०० लिटरच्या आसपास. ओव्हरफ्लोचा पाइप काठाच्या अर्धा फूट खाली आहे, त्याच्या वर पाणी थांबणारच नाही, म्हणून ३,३०० लिटर. मोटरचा फूटव्हॉल्व्ह तळापासून अर्धा फूट वर टांगलेला आहे, त्याखालचं पाणी वर चढणार नाही. नळाला येतं ते २,९०० लिटर, निम्म्याहूनही कमी. टाकी गळत नाही आणि पाणीही कुणी चोरत नाही, तरी बारा बादल्या कमी पडल्या म्हणून घरात रोज तक्रार असते.

जाता जाता, घनफळाचे पैसे वजनाच्या नावाने घेण्याचा एक प्रकार दिवाळीत हमखास भेटतो. अमेरिकेतल्या लेकीला फराळ पाठवायचा म्हणून कुरिअरवाल्याकडे जावं, तर तो खोक्याला काट्यावर ठेवतो आणि टेपही लावतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये, गुणाकाराला ५,००० ने भागायचं, ते झालं ‘घनफळी वजन’. दोन वजनांपैकी जे जास्त त्याचे पैसे. ४५ बाय ३५ बाय ३० चा खोका ९.४५ किलोंचा ठरतो, आत सहा किलोच फराळ असला तरी. विमानात जागा महाग असते, चिवडा जागाच खातो. लाडू जास्त आणि चिवडा कमी पाठवणं, किंवा खोका दोन इंचांनी आखूड निवडणं, एवढाच उपाय आहे.

आतापर्यंतच्या सगळ्या वस्तू निदान काटकोनी होत्या. जमिनीत खणलेले खड्डे तसे नसतात. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद, कुठे खोल, कुठे उथळ. आठशे-पावणेनऊशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त यासाठी एक स्वतंत्र प्रकरणच घातलं, खातव्यवहार. शेजारी विटांच्या रचनेचा चितिव्यवहार, लाकूड कापण्याचा क्रकचव्यवहार आणि धान्याच्या ढिगाचा राशिव्यवहार. म्हणजे आजच्या भाषेत खोदाईवाला, गवंडी, वखारवाला आणि अडत्या. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या गावचा आपण, असं भास्कराचार्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला.

खातव्यवहारातलं पहिलं उदाहरण वाळूच्या गाडीवर सळई खुपसणाऱ्या सुपरवायझरचंच आहे. खड्ड्याची लांबी तीन ठिकाणी मोजली, १०, ११ आणि १२ हात. रुंदी ५, ६, ७. खोली २, ३, ४. सरासरी ११, ६ आणि ३, घनफळ १९८ घनहस्त. चितीच्या उदाहरणात विटा १८ अंगुळं लांब, १२ रुंद, ३ उंच. रचना ८ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच. हात म्हणजे २४ अंगुळं. उत्तर २,५६० विटा, २४ थर. कागद घेऊन करून पाहा, बरोबर जमतं. आजच्या गवंड्याला विटांमधल्या मसाल्याची जागा सोडावी लागते, तेवढाच फरक.

पण खरी मौज खातव्यवहारातल्याच दुसऱ्या उदाहरणात आहे. खड्ड्याच्या भिंती तिरक्या आहेत. तोंड १२ बाय १० हात, तळ त्याच्या निम्मा, ६ बाय ५, खोली ७. सरासरीच काढायची तर कशाची? तोंडाचं क्षेत्रफळ १२०, तळाचं ३०, त्यांची सरासरी ७५, गुणिले ७ म्हणजे ५२५. नाहीतर बाजूंची सरासरी घ्यावी, ९ बाय साडेसात, क्षेत्रफळ ६७.५, घनफळ ४७२.५. दोन सरळ रस्ते आणि दोन वेगळी उत्तरं. भास्कराचार्य तिसरा रस्ता सांगतात. तोंडाचं क्षेत्रफळ घ्या, तळाचं घ्या आणि तोंड व तळ यांच्या बाजूंची बेरीज करून तिचं क्षेत्रफळ घ्या: १८ गुणिले १५, २७०. तिन्हींची बेरीज ४२०. तिला सहाने भागा, ७०. खोलीने गुणा, ४९०. हेच अचूक उत्तर.

सहाने का, हे आपल्या शेततळ्यात स्वच्छ दिसतं. २०१६ मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि त्यातलं ३० बाय ३० बाय ३ मीटर हे माप गावोगाव तोंडी बसलं. ३० गुणिले ३० गुणिले ३, २,७०० घनमीटर, सत्तावीस लाख लिटर, असं बरेच जण धरून चालतात. पण शेततळ्याच्या भिंती उभ्या ठेवल्या तर पहिल्याच पावसात ढासळतील. त्या तिरक्या ठेवतात. एकास एक उतार दिला, तर तीन मीटर खोलीवर तळ प्रत्येक बाजूने तीन मीटर आत येतो, २४ बाय २४.

आता मनातल्या मनात तळं कापा. मध्ये तळाएवढा सरळ खोका आहे, २४ बाय २४ बाय ३, म्हणजे १,७२८ घनमीटर. त्याच्या चार बाजूंना चार उतरत्या पाचरी, प्रत्येकीचा छेद तीन बाय तीनचा अर्धा, साडेचार, आणि लांबी २४, म्हणजे १०८. चौघींच्या मिळून ४३२. राहिले चार कोपरे. तिथे तीन बाय तीनचं तोंड आणि खाली टोक असा तिरका शंकू, म्हणजे चौकोनी तोंडाचा सुळका असतो. त्याचं घनफळ खोक्याच्या एकतृतीयांश, नऊ घनमीटर. चारांचे ३६. एकूण २,१९६ घनमीटर, बावीस लाख लिटरला जरा कमी. बाहेरच्या मापाने सांगितलेल्या आकड्यापेक्षा पाच लाख लिटर कमी.

भांडण सगळं त्या चार कोपऱ्यांचं होतं. खोका आणि पाचरी कुठल्याही सरासरीने बरोबरच येतात. तोंड आणि तळाच्या क्षेत्रफळांची सरासरी कोपऱ्यांना अर्धं धरते, म्हणून उत्तर २,२१४ येतं. बाजूंची सरासरी त्यांना पाव धरते, म्हणून २,१८७ येतं. खरं माप एकतृतीयांश. अर्धा आणि पाव यांतून एकतृतीयांश काढायचा, तर अर्ध्याचा एक हिस्सा आणि पावाचे दोन हिस्से घ्यावे लागतात, आणि सहाने भागणाऱ्या त्या नियमात नेमकं तेच होतं.

शेततळं काठापर्यंत भरू नये, हे वेगळं. काठाखाली अर्धा मीटर सोडला, तर पाण्याचं तोंड २९ बाय २९ आणि खोली अडीच मीटर, म्हणजे १,७६१ घनमीटर. वरच्या अर्ध्या मीटरने एकपंचमांश पाणी नेलं. तळं वरून रुंद असल्याने वरचा प्रत्येक वीतभर थर खालच्यापेक्षा जड असतो. उन्हाळ्यात ‘अर्धी खोली उरली’ म्हणजे पूर्ण भरलेल्या तळ्याचं निम्मं पाणी उरलं असं नव्हे. दीड मीटरवर हिशेब केला तर ९७७ घनमीटर येतात, २,१९६ च्या निम्म्याहून सव्वाशे घनमीटर कमी. ठिबकचं वेळापत्रक आखताना हा फरक पिकाच्या शेवटच्या पाळीवर येतो.

धरणाचं घनफळही याच रीतीने काढतात, फक्त खड्डा निसर्गाने खणलेला असल्याने त्याला बाजूच नसतात. म्हणून पाणलोटाच्या नकाशावर ठरावीक उंचीच्या रेषा आखतात, प्रत्येक पातळीवर पाण्याचा पृष्ठभाग किती पसरेल ते मोजतात आणि दोन रेषांमधला प्रत्येक थर तिरक्या भिंतींचा खड्डा समजून थरांची बेरीज करतात. गाळ साठला की खालचे थर आटतात आणि तोच नकाशा नव्याने मोजावा लागतो.

पावसाळ्यात बातम्यांत रोज येणारा टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आपल्या मोजणीत १०० कोटी. एवढा आकडा डोक्यात मावत नसेल, तर हजार फूट लांब, हजार फूट रुंद, हजार फूट उंच असा एक खोका धरा. तो भरला की एक टीएमसी, सुमारे २,८३२ कोटी लिटर. कोयनेत असे १०५.२५ खोके मावतात. विसर्ग सांगतात तो क्युसेकमध्ये, सेकंदाला किती घनफूट याच्यात. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून ११,५७४ क्युसेक चोवीस तास चालू राहिले, की एक टीएमसी बाहेर पडतं. हा एक आकडा लक्षात ठेवला, तर टीव्हीवरची पट्टी वाचता येते. कोयनेतून ४०,००० क्युसेक सोडले, म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेतीन टीएमसी. धरण काठोकाठ भरलेलं असेल आणि पाऊस पूर्ण थांबला असेल, तरी त्या वेगाने ते रिकामं व्हायला कागदावर महिना लागेल. प्रत्यक्षात तेवढा वेळही पुरा नाही, कारण अगदी तळाचं पाणी, त्या टाकीतल्या फूटव्हॉल्व्हखालच्यासारखं, दारांमधून बाहेर येतच नाही.